ओस पडलेल्या गोद्या व नगररचना

तापीच्या खोऱ्यांत, समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांचा बंदराशीं काय संबंध, असें कोणासही वाटणें साहजिक आहे. परंतु आपलें नंदुरबार हें बऱ्हाणपुराहून सुरतेस जाणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावर वसलेलें आहे, व त्या मार्गाचें महत्त्व सुरतेच्या बंदरावरच अवलंबून होतें. पुढें सुरतेचा व्यापार मुंबईकडे वळला, आणि खानदेशचा कापूस आगगाडीनें मुंबईस जाऊं लागला. बंदरें उदयास येतात, तशीं तीं मागेंही पडतात. मग त्यांनीं व्यापलेल्या विस्तीर्ण जमिनीचें काय करावें? नगररचनाशास्त्रांतील या प्रश्नाचा प्रस्तुत लेखांत थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

प्रथम गोदी म्हणजे काय तें पाहूं. मुंबईच्या समुद्रांत भरतीचें पाणी व ओहोटीचें पाणी यांच्या पातळींत कांहीं दिवशीं चार मीटरांहूनही अधिक अंतर पडतें. उघड्या धक्क्यास लागलेलें जहाज पाण्याबरोबर वरखालीं होतें, व मालाची चढउतार कठीण होते. म्हणून किनाऱ्यालगत मोठें कुंड बांधून त्यास दरवाजे बसवितात. भरतीच्या वेळीं जहाज आंत घेऊन दरवाजे लावले, म्हणजे बाहेर ओहोटी लागली तरी आंतील पाणी कायम राहतें. मुंबईंत ससून गोदी १८७५ सालीं झाली. १८७३ सालीं स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टनें १८८० सालीं प्रिन्सेस, पुढें व्हिक्टोरिया व १९१४ सालीं अलेक्झांड्रा अशा गोद्या बांधल्या. या शेवटच्या गोदीस आतां इंदिरा गोदी म्हणतात. ती खणतांना निघालेल्या दगडमातीनें समुद्र बुजवून सुमारे २२ एकर नवी जमीन तयार करण्यांत आली, व तीवर जॉर्ज विटेट या शिल्पज्ञाच्या देखरेखीखालीं बॅलार्ड इस्टेट ही पेठ वसली. तेथील रस्ते रुंद व इमारती एकमेकींशीं मेळ राखणाऱ्या आहेत. जमीन एका हातीं असली व प्रथम आराखडा करून मग बांधकाम केलें, तर काय साधतें, याचा हा नमुनाच होय.

आतां या गोद्यांना उतरती कळा कां लागली? पूर्वीं प्रत्येक पोतें व प्रत्येक गांठ माणसाच्या पाठीवरून उतरत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कंटेनर नांवाच्या पोलादी पेटाऱ्यांतून माल जाऊं लागला. हे पेटारे यंत्रानें उचलतात. त्यांस हात थोडे लागतात, पण पाणी खोल व आवार प्रशस्त लागतें. चहूंकडून शहरानें वेढलेल्या बंदरांत तें कोठून मिळणार? १९८९ सालीं खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झालें, व मोठा व्यापार तिकडे गेला. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या गोद्या कालांतरानें भरून टाकण्यांत आल्या. मुंबई बंदर बंद पडलें, असें मात्र नव्हे. त्याचें काम चालूच आहे. परंतु वखारी, रेल्वेचे रूळ व गुदामें यांखालील पुष्कळशी जमीन पूर्वीच्या उपयोगाची राहिली नाहीं.

असाच प्रसंग लंडनवरही आला होता. १८०२ सालीं उघडलेल्या तेथील वेस्ट इंडिया गोद्या १९८० सालीं बंद झाल्या. पुढील वर्षीं सरकारनें या भागासाठीं एक स्वतंत्र मंडळ नेमलें. तें १९९८ पर्यंत चाललें. गोद्यांच्या जागीं पेढ्यांच्या गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या. परंतु त्यांतील नोकऱ्या ओझीं वाहण्यांत हयात गेलेल्या गोदीकामगारांच्या कामाच्या नव्हत्या, व नवीं घरें त्यांतील बहुतेकांना परवडणारीं नव्हतीं. शिवाय दळणवळणाची सोय अपुरी असतां इमारती आधीं उठल्या, व १९९२ सालीं त्या बांधणाऱ्या कंपनीचें दिवाळें वाजलें. भुयारी आगगाडी तेथें पोंचली ती १९९९ सालीं!

याहून जवळचा धडा खुद्द मुंबईच्या गिरणगांवांत आहे. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद झाल्या. १९९१ च्या नियमानें त्यांच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठीं, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठीं व उरलेला मालकासाठीं, अशी वांटणी ठरली होती. २००१ सालीं ही वांटणी केवळ इमारती नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती करण्यांत आली, व शहराच्या पदरीं पडावयाचा वांटा फारच आटला. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा बदल कायम ठेविला. कायद्यांतील एका शब्दाच्या फेरानें हजारों मुलांचें क्रीडांगण नाहींसें होऊं शकतें, हें यावरून ध्यानांत येईल.

मुंबई बंदराच्या जमिनीसाठीं केंद्र सरकारनें २०१४ सालीं समिती नेमली, व २०१८ सालीं सुमारे ९६६ हेक्टरांचा आराखडा प्रसिद्ध झाला. या भागांतून पूर्व मुक्तमार्ग २०१३ सालींच गेला होता; शिवडीहून निघणारा सागरी सेतु २०२४ सालीं खुला झाला. म्हणजे लंडनला जें मागाहून सुचलें, तें येथें कांहीं अंशीं आधींच झालें आहे. पण रस्ता झाला म्हणजे नगर झालें असें नव्हे. रे रोड, दारूखाना, वडाळा या बाजूंस झोंपड्यांतून व जुन्या चाळींतून अनेक कुटुंबें राहतात. भाऊच्या धक्क्यावर व ससून गोदींत मासळीचा व्यापार चालतो. शिवडीच्या चिखलांत दर हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. नकाशावर ही जमीन रिकामी दिसली, तरी ती वास्तविक रिकामी नाहीं.

म्हणून चांगल्या आराखड्याची पारख त्याच्या इमारतींच्या उंचीवरून करूं नये. पाण्याचा निचरा व दळणवळण यांची सोय आधीं झाली काय? पिढ्यान्‌पिढ्या कुंपणाआड राहिलेला समुद्रकांठ सर्वांस मोकळा झाला काय? तेथें आज राहणाऱ्या व राबणाऱ्या माणसांस तेथेंच ठाव मिळाला काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असतील, तरच तो आराखडा उत्तम म्हणावा. विद्यार्थिमित्रहो, सार्वजनिक जमीन ही एकदांच वांटतां येते. दिलेली जमीन परत मिळत नाहीं. आपल्या गांवांतही उद्यां एखादें जुनें आवार वा गुदाम मोकळें पडेल. तेव्हां हेच तीन प्रश्न विचारणारे नागरिक तेथें असावेत, हीच इच्छा.