वेदनांचे शब्द आणि परिचारिकेची नोंद

परिचारिकेच्या शिक्षणात नाडी, श्वसन, तापमान व रक्तदाब यांची उजळणी पुनःपुन्हा होते. वेदनेची मात्र बहुधा शून्य ते दहा या अंकांवर बोळवण केली जाते. अंकाने तीव्रता कळते, जात कळत नाही. ती शब्दांत असते. रोनाल्ड मेल्झॅक यांच्या १९७५ सालच्या मॅक्‌गिल प्रश्नावलीत असे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडले आहेत. मराठीचे भांडारही तोकडे नाही. गळू ठसठसते, दाढ ठणकते, जखम चरचरते, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो. कळ येते व ओसरते. श्रमाने लागलेली रग टिकून राहते. तक्त्यावर नुसते ‘दुखते’ असे लिहिले, की हा सारा भेद पुसला जातो.

छातीच्या बाबतीत तर हे जिवावर बेतू शकते. हृदयविकाराच्या झटक्यात काहींना ‘दुखणे’ असे जाणवतच नाही. दडपण येते, छाती आवळल्यासारखी होते किंवा जळजळते. ‘छातीत दुखते का?’ या प्रश्नाला असा रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. म्हणून विद्यार्थिनीने ‘छातीत काय होते?’ असे विचारावे, उत्तर रुग्णाच्याच शब्दांत वेळेसह टिपावे आणि तत्काळ डॉक्टरांस कळवावे.