वस्तरा झिजून मरत नाही, गंजून मरतो

जर्मनीतल्या सोलिंगेन शहराची ओळख म्हणजे पाती. वुपर नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या पाण्यावर दगडी चाकं फिरवून तिथल्या कारागिरांनी आधी तलवारी पाजवल्या, मग सुऱ्या आणि वस्तरे. त्या पाणचक्क्यांपैकी काही आजही नदीकाठी उभ्या आहेत. पात्यावर ‘सोलिंगेन’ हे नाव कोरायचं तर घडणीची मुख्य कामं त्याच भागात झालेली हवीत, असा जर्मनीत १९३८ पासून कायदा आहे. तिथला जुना वस्तरा आजही स्वच्छ दाढी करू शकतो, फक्त तो कोरडा राहिलेला असायला हवा.

कोरडेपणाचं एवढं महत्त्व का, ते पात्याच्या घडणीत कळतं. जुन्या वस्तऱ्याचं पोलाद साधं, साधारण एक टक्का कार्बनचं. त्याला धार सुरेख चढते, पण ते गंजतंही लवकर. पात्याची पाठ जाड असते आणि दोन्ही अंगं आतून खोलगट घासलेली असतात, त्यामुळे धारेजवळचं पोलाद अतिशय पातळ होतं. अंगावर पडलेला तांबूस डाग पुसता येतो. धारेवर पडला तर तिथे बारीक खड्डा होतो, मग खड्डा संपेपर्यंत धातू घासून काढण्याशिवाय इलाज नसतो.

म्हणून निगा दाढी संपताच सुरू होते. पातं कोमट पाण्याने धुवावं आणि मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावं. धारेच्या लांबीवरून कापड ओढलं की कापड कापतं आणि बोटही. पाणी सर्वांत जास्त लपतं ते मुठीच्या दोन फाळ्यांमध्ये, खिळीजवळ. तिथे टिपकागदाचा तुकडा सरकवून ओल टिपावी आणि वस्तरा काही तास उघडाच ठेवावा. ओला वस्तरा मिटून ठेवणं हीच सर्वांत मोठी चूक. बरेच दिवस वापर नसेल तर पात्याला बिनवासाच्या खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर तो रोजच द्यावा आणि वस्तरा न्हाणीघरात ठेवूच नये.

माणसाचा केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी तो धार मोडतो. ते कसं, हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’मध्ये दाखवलं. त्यांनी दाढीची साधी पाती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पोलादाची रचना सगळीकडे सारखी नसते, आणि केस विशिष्ट कोनात वाकून नेमक्या कमकुवत जागी टेकला की धारेचा कपचा उडतो. वस्तऱ्याची धार दाढीगणिक थोडी वाकडीतिकडीही होते. ती सरळ करण्यासाठी चामड्याचा पट्टा असतो. त्यावर पाठ पुढे आणि धार मागे ठेवून हलक्या हाताने पातं ओढायचं, आणि टोकाशी पोचल्यावर पाठीवरच उलटवायचं. धारेवर उलटवलं तर पट्टाही चिरतो आणि धारही जाते.

पट्ट्याने भागेनासं झालं की पथरी काढावी. इथे दिशा उलटी, धार पुढे. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की साधारण सोळा-सतरा अंशांचा कोन आपोआप मिळतो. तो घडवणाऱ्यानेच पात्यात ठरवून ठेवलेला असतो, आपण पाठ उचलायची नाही. बेल्जियमच्या आर्देन भागात मिळणारा पिवळसर दगड या कामासाठी नावाजलेला आहे. त्यातले गार्नेटचे सूक्ष्म कण पोलाद हळुवार घासतात. दाब फक्त वस्तऱ्याच्या वजनाचा असावा.

जुना वस्तरा हाती आला की चकाकी आणण्याचा मोह होतो, तो आवरावा. पॉलिशच्या यंत्रावर पातळ पातं क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग कितीही पाजवलं तरी धार टिकत नाही. लाल गंज तेलाने भिजवून हाताने, धातूच्या पॉलिशने काढावा. काळसर छटा राहू द्यावी, ती पात्याला अपाय करत नाही. मूठ सेल्युलॉइडची असेल तर तिच्यावर नजर ठेवावी. जुनं सेल्युलॉइड विघटित होऊ लागलं की त्यातून आम्लधर्मी वाफ निघते आणि कोरडं ठेवलेलं पातंही गंजतं. अशी मूठ बदलायलाच हवी.

एक पथ्य मात्र कधीही मोडू नये. वस्तरा एकाच माणसाचा असावा. रक्तातून पसरणाऱ्या कावीळ आणि एचआयव्हीच्या भीतीने सलूनमध्ये बदलत्या ब्लेडचा वस्तरा आला, ते योग्यच झालं. घरातल्या पेटीत जुना वस्तरा असेल तर तो आधी नीट स्वच्छ आणि निर्जंतुक करा, धार जाणकाराकडून लावून घ्या आणि मगच वापरा. त्यानंतर रोज दोन मिनिटं पुसण्यासाठी द्या. एवढं केलंत तर तुमच्यानंतरही तो कुणाच्या तरी कामी येईल.