टेबलावरचे दोनशे तीस व्होल्ट

सकाळी साडेआठ, १ जानेवारी. मुरबाडच्या बाजारात शटर वर केलं की आधी बोर्डावर मीटर लावतो. आज २३५. रात्री गावं झोपली की हाच काटा २५० च्या पुढे सरकतो.

नऊ वाजता नारिवलीकडचा एक पोरगा पत्र्याचा डबा काखेत मारून आला. "काका, आज रात्री गावात कार्यक्रम आहे, पहाटे सगळे सिद्धगडला निघणार. एवढं बघा ना." बॅटरीवरचा अँप्लिफायर लाइटवर चालावा म्हणून त्याने सप्लाय बनवला होता. डोकं चांगलं, हात घाईचा.

झाकण उघडलं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळलेली, कॉर्ड पत्र्याच्या धारेवरून तशीच आत घेतलेली, अर्थची हिरवी वायर छाटलेली. "दोन पिनांचा टॉप होता," म्हणाला. डायोड मात्र अगदी सुबक बसवलेले! सगळ्यांचं असंच होतं. जिथे बारा व्होल्ट आहेत तिथे जपतात, जिथे जीव जातो तिथे टेप गुंडाळून मोकळे.

दहा. ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून वायरी मोजल्या. रंगावर माझा भरवसा नाही. ज्या जोडीचा रोध दहा-वीस ओहम ती प्रायमरी, एका ओहमच्या आत भरते ती सेकंडरी. उलटी जोडली तर सेकंडरीवर थेट २३० येतात आणि ती जळते. मग प्रायमरी सिरीज बोर्डावर, म्हणजे मधे बल्ब घालून, लावली. साठ वॅटचा बल्ब क्षणभर पेटून जवळजवळ विझला, म्हणजे वाइंडिंग ठीक. भक्क पेटून राहिला असता तर शॉर्ट.

आता त्याची खरी अडचण. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर म्हणजे बारा व्होल्ट मिळणार, असा त्याचा हिशेब. पण बाराला १.४१ ने गुणा, डायोडचे ०.७ वजा करा, सोळाच्या वर जातं. लोड नसताना त्याहून जास्त, आणि रात्रीच्या २५० ला आणखी. बारा व्होल्टचा अँप्लिफायर किती दिवस टिकेल? ९-०-९ चा काढून दिला. मधली वायर निगेटिव्ह, दोन टोकांना दोन डायोड, पुढे २५ व्होल्टचा कंडेन्सर. जुना सोळाचा होता, तो फुगायच्या बेतातच होता.

बारा वाजता लाइट गेली, सोल्डरिंग गार. डबा खाताना पोराला विचारलं, उद्या कशासाठी जाता ते माहीत आहे का? १९४२ मध्ये स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पोराला तारीख पाठ होती, मनोऱ्यांचं ठाऊक नव्हतं.

अडीचला लाइट आली. मग सगळा वेळ कॉर्डपासून प्रायमरीपर्यंतच्या वीतभर जागेवर गेला. भोकाला रबरी ग्रोमेट, आत कॉर्ड आवळणारा क्लॅम्प, म्हणजे कुणी हिसका दिला तरी सोल्डरवर ताण येत नाही. फेज आधी एक ॲम्पिअरच्या फ्यूजला, तिथून स्विचला. स्विच दोन्ही वायरी तोडणारा घेतला, कारण आपल्याकडच्या सॉकेटात फेज नेमका कुठल्या बाजूला असेल याचा नेम नाही. प्रत्येक जोडावर स्लीव्ह. टॉप तीन पिनांचा बसवला. हिरवी वायर रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून थेट पत्र्याला स्क्रूने कसली, आणि इतर वायरींपेक्षा लांब ठेवली. कॉर्ड कधी उपटलीच, तर अर्थ सर्वांत शेवटी तुटला पाहिजे.

साडेपाचला पुन्हा सिरीज बल्बवर, मग थेट. मीटर १३ च्या आसपास, गाणं लावल्यावर बाराला आला. घरघर नाही. बंद केल्यावर कंडेन्सर रेझिस्टरने रिकामा केला, मगच झाकण लावलं.

सहाला पोरगा गेला. तुम्हीही असा डबा बनवणार असाल तर आधी वायरमनला बोलावून घरच्या सॉकेटचा अर्थ तपासून घ्या. अर्थ नसेल तर डबा लावू नका.