गोळी देण्यापूर्वी वेष्टन वाचा

सकाळी न्याहारीनंतर आजोबांच्या हातावर गोळ्या ठेवणारी सून, मुलगा किंवा नात नकळत औषधविक्रेत्याचेच काम करीत असते. या क्षेत्रात शिकणाऱ्यांच्या मनावर एक सूत्र बिंबविले जाते : रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ या पाचही गोष्टी योग्य असाव्यात. वाचकहो, हे सूत्र आपल्या घरातील औषधांच्या डब्यालाही लागू आहे.

मूळ नाव ओळखा

वेष्टनावर सहसा दोन नावे असतात. एक कंपनीने दिलेले, तर दुसरे औषधाचे मूळ नाव. कंपनी बदलली की पहिले नाव बदलते, दुसरे बदलत नाही. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल असते आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असते. दोन्ही एकदम घेतल्यास मात्रा दुप्पट होते. प्रौढांसाठी पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे ४००० मिलिग्रॅम मानली जाते. कृश, वृद्ध किंवा यकृताचा विकार असलेल्या व्यक्तींसाठी डॉक्टर ती आणखी कमी ठरवितात. ही मर्यादा ओलांडल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

आकडा आणि एकक

केवळ आकडा वाचून भागत नाही. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते आणि १००० मायक्रोग्रॅम म्हणजे १ मिलिग्रॅम. इन्सुलिनच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते. त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज वापरतात. १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते. यांची अदलाबदल झाल्यास मात्रा अडीचपट वाढते किंवा तितकीच घटते.

वेळेची अक्षरे

चिठ्ठीवरील ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज भासल्यासच. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. असे औषध चालू असल्यास ठरलेला वार दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवा आणि ती गोळी रोजच्या डब्यात मिसळू नका.

गोळी कुटण्यापूर्वी

वृद्धांना गिळणे अवघड जाते, म्हणून गोळी कुटून पाण्यातून देण्याचा मोह होतो. मात्र नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सआर’ असेल, तर त्या गोळीतील औषध अनेक तासांत हळूहळू सुटावे अशी तिची रचना असते. कुटल्यास तो सारा साठा एकदम शरीरात जातो. अशा वेळी पातळ औषध किंवा दुसरा पर्याय मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

लाल रेघ, मुदत आणि साठवण

वेष्टनाच्या डाव्या बाजूची उभी लाल रेघ म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये, अशी सूचना होय. शेजाऱ्यांना गुण आला म्हणून ते आपण घेणे धोक्याचे ठरते. मुदत ज्या महिन्याची छापलेली असेल, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत ती धरतात. स्ट्रिप कापताना मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत राखून ठेवावा. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही नाही.

आज सायंकाळी घरातील सर्व औषधे टेबलावर मांडा. मूळ नाव, मात्रा, वेळ आणि कोणत्या विकारासाठी, असे चार रकाने आखून एका कागदावर यादी करा. आयुर्वेदिक चूर्णे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्याही तिच्यात नोंदवा. एकच मूळ नाव दोनदा आढळले, तर स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद न करता ती यादी डॉक्टरांना किंवा नोंदणीकृत औषधविक्रेत्यांना दाखवा. पुढच्या प्रत्येक तपासणीला हा कागद सोबत असू द्या.