पाट्याचे बुश घरी बदलताना : जॅक उचलतो, धरून ठेवत नाही



दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि मग चार-पाच महिने उसाच्या ट्रकला दम खायला सवड नसते. कोल्हापूर-सांगलीपासून सातारा-सोलापूरपर्यंत कितीतरी घरांत ट्रॅक्टरच्या शेजारी एखादा जुना ट्रक उभा असतो. बँकेचा हप्ता त्याच्याच जिवावर चाललेला असतो. अशी गाडी ऐन हंगामात रस्त्यावर आडवी झाली तर वाहतूक बुडते, तोडणीवाल्यांची टोळी खोळंबते आणि तोडलेला ऊस वाळतो. म्हणून गाडीच्या खालच्या अंगाची डागडुजी पावसाळ्यातच उरकलेली बरी.

आज आपण पाट्याच्या बुशाविषयी बोलू. वस्तू मुठीत मावेल एवढी, पण सगळ्या ओझ्याची हालचाल तिच्यावर होते.

बुश कुठे असतो, काय करतो?

१९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तेव्हापासून गाड्या खूप बदलल्या, पण पाटा, पिन आणि बुश हे त्रिकूट बहुतेक ट्रकांत अजून टिकून आहे. एकावर एक बसवलेल्या पोलादी पाट्यांची ही कमान. तिच्यातल्या मेन पाट्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. या वळणाला आपण डोळा म्हणू. डोळ्यात बुश बसतो आणि बुशातून पिन जाते. पाट्याचे एक टोक चेसीच्या ब्रॅकेटला पक्के असते. दुसरे शॅकलवर झुलते, कारण ओझे पडून कमान सपाट झाली की तिची लांबी वाढते आणि त्या लांबीला जागा लागते.

गाडी खड्ड्यातून गेली की पिन बुशात थोडी फिरते. मध्ये ग्रीस असेल तोवर ठीक. ग्रीस संपले आणि रानातली माती शिरली, की मातीच कानशीचे काम करते. आपल्या वाडवडिलांनी बैलगाडीच्या कण्याला वंगण घातल्याशिवाय लांबची वाट धरली नाही. ट्रकचेही तेच आहे.

झीज ओळखायची कशी?

खड्ड्यात चाक गेले की खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. टायर एकाच बाजूने खाल्ला जातो. मागून पाहणाऱ्याला गाडी किंचित तिरकी चाललेली दिसते.

खात्री करायची असेल तर रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. डोळा आणि ब्रॅकेट यांच्या फटीत पहारीचे टोक घालून हलके उचकून बघा. पिन बुशात खटखट हलत असेल तर बुश गेला असे समजा. पुढच्या पिनेपासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी फितीने मोजा. दोन्हीकडे ते सारखे भरले पाहिजे. फरक आला तर एक्सल सरकला आहे. मग बुशाबरोबर सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टही तपासून घ्यावे लागतील.

आधी जिवाची काळजी

हे काम घरी होते, त्यात मोठे गुपित नाही. पण रिकामा ट्रकही पाच-सहा टनांचा असतो. जॅकच्या तेलाचे एक सील फुटले किंवा जॅक थोडा कलला, तर खालच्या माणसाला सरकायला सवड मिळत नाही. म्हणून एक गोष्ट मनावर कोरून ठेवा : जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही. धरायला लोखंडी घोड्या पाहिजेत, नाहीतर रेल्वेच्या लाकडी स्लीपरसारखे जाड ठोकळे, एकाआड एक आडवे-उभे रचलेले. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधीही लावू नका. लाकूड दबताना आवाज तरी करते. वीट काही न सांगता फुटते.

जागा कडक आणि सपाट हवी. काळ्या मातीत, त्यातून पावसाळ्यात, जॅक बघता बघता रुततो. फरशी नसेल तर जॅकखाली आणि घोडीखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट घाला. मागची बाजू उचलायची असेल तर हँडब्रेकवर विसंबू नका. तो सहसा मागच्याच चाकांना लागतो आणि ती तर हवेत असतात. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही अंगांनी ठोकळे द्या.

घरातल्या बायाबापड्यांनाही एक सांगणे आहे. धनी गाडीखाली शिरताना दिसले तर "ठोकळे लावलेत का?" असे विचारायला संकोचू नका. मुलांना लांब ठेवा. खाली माणूस असताना वर केबिनमध्ये कोणी चढायचे नाही. आणि एकट्याने हे काम करायचे नाही.

प्रत्यक्ष काम

आदल्या संध्याकाळी पिना आणि बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडा. रात्रभर ते मुरते आणि सकाळी अर्धे श्रम वाचतात.

चाक काढायचे असेल तर नट गाडी उचलण्याआधीच थोडे ढिले करा. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी बघून घ्या. मग गाडी उचलून चेसीच्या दोन्ही बाजूंना घोड्या लावा. जॅक आता एक्सलखाली घेऊन थोडा वर-खाली करा. पाट्यावरचा ताण गेला की पिन सुटी होते. ताणातली पिन घणानेही हलत नाही, आणि हललीच तर उसळून अंगावर येते. ताण गेल्यावर एक्सलखालीही ठोकळे द्या.

एका वेळी एकाच टोकाची पिन काढा. दुसरे टोक जागेवर राहिले की एक्सल भलतीकडे सरकत नाही. ग्रीस निपल आणि पिनेचा लॉक बोल्ट आधी काढा, मग पितळी सळई मध्ये धरून पिन ठोका. पोलादी पिनेवर थेट घण मारला तर कपची उडून डोळ्यात जाते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

बुश काढायला ठोकाठोकीपेक्षा लांब बोल्टची युक्ती चांगली. बुश आत मावेल अशा पाइपचा तुकडा डोळ्याच्या एका बाजूला लावा. दुसऱ्या बाजूला बुशाच्या मापाचा वॉशर ठेवा. दोन्हींतून लांब बोल्ट घालून नट आवळत चला, म्हणजे बुश सरळ पाइपात येतो. फारच धरला असेल तर हॅक्सॉचे पाते आतून घालून बुशाला चीर द्या. मात्र पाते डोळ्याच्या लोखंडाला लागू देऊ नका, तिथली चीर पुढे पाटा तोडते.

डोळा आतून पॉलिश पेपरने साफ करा. तो लंबगोल झाला असेल तर नवा बुश टिकणार नाही, मेन पाटाच बदलावा लागेल. नवा बुश त्याच बोल्टने सरळ ओढून घ्या. तिरका शिरू लागला तर थांबा आणि परत काढा. बुशाला ग्रीसचे भोक किंवा चर असेल तर तो जुन्यासारखाच बसला आहे ना, हे बघा.

बुश दाबून बसल्यावर आतून किंचित आवळतो. पिन हाताने फिरत सरकली पाहिजे. घट्ट वाटली तर कानस न मारता लेथवाल्याकडून रीमर फिरवून घ्या. आणि बुश नवा तर पिनही नवी घ्या. झिजलेली पिन नवा बुश लवकर खाते आणि बुशाचे पैसे वाया जातात.

चेसी घोड्यांवर आणि पाट्यावर ताण नाही अशा स्थितीतच ग्रीस भरा, म्हणजे ते पिनेभोवती सगळीकडे पोचते. दोन्ही कडांतून ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा.

रबरी बुश असेल तर

काही गाड्यांत रबरी बुश असतात. त्यांना ग्रीस, डिझेल काहीही लावायचे नाही, त्याने रबर फुगते आणि कुजते. बसवताना साबणाचे पाणी पुरते. त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी केल्यानंतर. हवेत आवळले तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि ते फाटते.

हे करू नका

पाट्याला गॅसची ज्योत लावू नका, पोलादाचे पाणी उतरते. पाट्यावर वेल्डिंग करू नका. तुटलेले पाटे आणि हवेच्या फुग्यांवरची गाडी वर्कशॉपलाच न्या. त्यात कमीपणा नाही.

काम झाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की चाकांचे नट पुन्हा आवळा. यू-बोल्ट ढिले केले असतील तर तेही. पुढे गाडीच्या पुस्तकातल्या मुदतीप्रमाणे ग्रीस द्या. उसाच्या रानातून आणि ओढ्याच्या पाण्यातून गाडी जात असेल तर त्याहून लवकर.

ग्रीसला लागणारी पंधरा-वीस मिनिटे आणि ठोकळे रचायला लागणारी पंधरा-वीस मिनिटे, या दोन्ही वेळी हात आखडू नका. पहिल्याने गाडी टिकते, दुसऱ्याने माणूस.