वेटोळे मोडणारे ॲमोनाइट

देवघरातला शाळिग्राम तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. काळा, गुळगुळीत गोटा आणि फुटलेल्या जागी आत दिसणारे चक्र. हे गोटे नेपाळातील काळी गंडकी नदीच्या पात्रात मिळतात, आणि ते चक्र म्हणजे ॲमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या कवचाचा ठसा असतो. कोळणीच्या पाटीतले माकूल आणि ऑक्टोपस ज्या शीर्षपाद गटात मोडतात त्याच गटातला हा प्राणी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो नामशेष झाला.

हे कवच म्हणजे चकलीसारखी गुंडाळलेली एक नळी. चकली लांबते ती फक्त सोऱ्याच्या तोंडाशी; ही नळीदेखील फक्त मोकळ्या तोंडाशीच वाढत असे. प्राणी तोंडाजवळच्या शेवटच्या दालनात राही. मागच्या बंद दालनांतील पाणी एका बारीक नलिकेवाटे काढून घेतले जाई आणि त्या जागी वायू साठे. अशा रीतीने कवचासह प्राण्याचे वजन आणि त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन यांचा मेळ बसे. आर्किमिडीजचा नियम तुम्ही शिकलाच आहात.

आता कल्पना करा की चकल्या पाडता पाडता सोऱ्या घरातल्या लहान भावंडाच्या हाती गेला. मग जे आकार ताटात पडतील तसे ॲमोनाइट खरोखरच होऊन गेले. त्यांची रेलचेल होती क्रिटेशस कल्पात, म्हणजे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात. लॅटिन भाषेत ‘क्रेटा’ म्हणजे खडू, त्यावरून हे नाव पडले. त्या वेळी दक्षिण इंग्लंड आणि उत्तर फ्रान्स हे प्रदेश समुद्राखाली होते. सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी चकत्या तळावर साचत गेल्या आणि त्यांचे शेकडो मीटर जाडीचे खडूचे थर बनले. (मी वर्गात रोज झिजवतो तो खडू बहुधा जिप्समचा असतो. त्यात ॲमोनाइट शोधू नका!)

या समुद्रांत बॅक्युलाइटिस काठीसारखा सरळ होता. हॅमाइटिस केसांच्या आकड्यासारखा वळलेला, तर टरिलाइटिस मनोऱ्याप्रमाणे उंच चढत जाणारा. स्कॅफाइटिस सुरुवातीला वेटोळे घाली, मग थोडे सरळ जाई आणि शेवटी पुन्हा आकड्यासारखा मागे वळे. हॅमाइटिस आणि स्कॅफाइटिस ही नावे १८११ साली जेम्स पार्किन्सन यांनी दिली. होय, कंपवाताचे वर्णन करणारे तेच लंडनचे डॉक्टर!

खडूत ॲमोनाइट गोळा करणे वाटते तितके सोपे नाही. त्यांचे कवच ॲरागोनाइटचे होते आणि कालवांचे कॅल्साइटचे. रासायनिक दृष्ट्या दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, परंतु ॲरागोनाइट पाण्यात अधिक सहज विरघळते. त्यामुळे पांढऱ्या खडूत कालवे आणि सागरी अर्चिन सुरेख टिकले, ॲमोनाइटचे मात्र बहुतेक ठिकाणी चेपलेले ठसेच उरले. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील फोकस्टोनसारख्या ठिकाणी खालच्या, चिकणमाती मिसळलेल्या करड्या खडूत ते बरे सापडतात. तेही पुष्कळदा तुकड्यांच्या रूपाने. वेटोळ्याचा तुकडा चटकन ओळखू येतो. वाकड्या नळीचा तुकडा मात्र नवखा संग्राहक कशाचा तरी मोडका भाग समजून फेकून देतो.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही अशा आकारांविषयी गैरसमज झाला होता. वेटोळे मोडणे हे वंशाच्या म्हातारपणाचे लक्षण असून हे प्राणी ऱ्हासाला लागले होते, असे बराच काळ मानले जाई. या मताची सर्वांत कठीण परीक्षा घेतली ती जपानमधल्या एका जीवाश्माने. होक्काइडो बेटावर खडू नाही. तेथील क्रिटेशस समुद्रतळाच्या चिखलाचा खडक झाला आहे आणि त्यातल्या कठीण, चुनामिश्रित गोट्यांत ॲमोनाइट उत्तम जपले गेले आहेत. १९०४ साली हिसाकात्सु याबे यांनी तेथील एका नमुन्याला निप्पोनाइटिस मिराबिलिस, म्हणजे ‘जपानचा अद्भुत’, असे नाव दिले. दोरीचा गुंता मुठीत धरावा तशी ही नळी! हा निव्वळ विकृत प्राणी असावा, अशी शंका काहींनी घेतली. एकच नमुना असता तर तिला उत्तर देता आले नसते. पण पुढे तशाच गुंत्याचे आणखी नमुने मिळाले. नळी तशीच डावीकडे वळते, तशीच उजवीकडे. विकृती काही इतक्या शिस्तीने पुन्हा पुन्हा घडत नाही.

मग ही शिस्त कोणती? मी भौतिकीचा माणूस, म्हणून मला हा भाग फार आवडतो. वाढणाऱ्या नळीला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : किती रुंदावायचे, किती वाकायचे आणि किती पीळ घ्यायचा. पीळ शून्य असेल तर सपाट वेटोळे मिळते. पीळ सतत एकाच बाजूचा असेल तर टरिलाइटिसचा मनोरा. १९८८ साली ताकाशी ओकामोतो यांनी संगणकावर दाखवले की, निप्पोनाइटिसचा गुंताही एका साध्या नियमातून निघतो. कवच वाढले की त्याचा गुरुत्वमध्य सरकतो आणि ते पाण्यात थोडे फिरते. साहजिकच तोंडाची दिशा बदलते. तोंड ठराविक मर्यादेपलीकडे वर किंवा खाली गेले की प्राणी वाढीची पद्धत बदलतो आणि तोंड पुन्हा मर्यादेत आणतो. विजेच्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट हेच करतो. तो तापमानाचा आलेख काढत बसत नाही; मर्यादा ओलांडली की फक्त खटका पडतो. गुंता आपल्याला दिसतो, प्राण्याला फक्त तोंड सांभाळायचे होते. ऱ्हासाच्या कल्पनेला दुसरीकडूनही धक्का बसला होता. वेटोळे मोडलेल्यांच्या काही वंशजांनी पुढे पुन्हा वेटोळे घातले, हे जर्मन शास्त्रज्ञ योस्ट वीडमान यांनी १९६९ साली मांडले होते.

महाराष्ट्राच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हात, ॲमोनाइट मिळणार नाहीत. परंतु तमिळनाडूत अरियलूरच्या आसपास क्रिटेशस समुद्राचे थर उघडे पडलेले आहेत. १८६० नंतरच्या दशकात फर्डिनांड श्टोलिच्का यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी तेथील शीर्षपादांचा अभ्यास केला. तेथील कारै गावाजवळच्या मातीत टरिलाइटिस कॉस्टाटस मिळतो. इंग्लंडच्या करड्या खडूत मिळतो तीच ही जाती! म्हणून हजारो किलोमीटर अंतरावरील हे दोन थर साधारण एकाच वयाचे, हे आपण सांगू शकतो. मात्र त्यासाठी नमुना नेमक्या कोणत्या थरातला, हे ठाऊक असावे लागते. शिक्षकांबरोबर सहलीला गेलात तर जागेच्या मालकाची परवानगी घ्या, खाणीच्या कड्याखाली उभे राहू नका आणि हातोडा चालवताना डोळ्यांवर चष्मा ठेवा. सापडलेला प्रत्येक तुकडा कागदात गुंडाळण्यापूर्वी त्यावर गाव, थर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. घरी गेल्यावर लिहू म्हटले की दोन पिशव्यांतले तुकडे हमखास एकत्र होतात.