चहाचा डाग आणि चमेलीची फुलं

गेल्या हिवाळ्यात मामेबहिणीच्या लग्नात नेसायला मी सासूबाईंची माहेश्वरी मागून घेतली. मोतिया रंग, डाळिंबी काठ. सासऱ्यांनी ती खुद्द महेश्वरला जाऊन, विणकराच्या घरून आणलेली. सासरे आता नाहीत. आणि लग्नाच्या सकाळी पोहे-जलेबीच्या गर्दीत कुणाचा तरी कोपर लागला आणि अर्धा कप चहा पदरावर! घरी येऊन धुतली, ड्रायक्लीनरकडे दिली, पण तळहाताएवढी तपकिरी सावली काही गेली नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "असू दे." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डाग निघत नाही तर त्यावर फूल काढावं, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं. फॅब्रिक पेंटिंग मी शाळेत असताना केलं होतं, म्हणजे आलं नव्हतंच असं समजा. साडीला हात लावण्याआधी जुन्या उशीच्या अभ्र्यावर सराव केला. रंग घट्ट वाटला म्हणून भरपूर पाणी घातलं, तर पाकळ्या पसरून फ्लॉवरचे गड्डे झाले. दुसरा अभ्रा चांगला जमला, पण घाई करून दुसऱ्याच दिवशी धुतला आणि निम्मा रंग बादलीत!

त्यातून जे शिकले ते सांगते. कापड नवं असेल तर आधी धुऊन त्याची खळ काढा, नाहीतर रंग धाग्यात शिरत नाही, वरच बसतो. रंग पातळ करायला पाणी नाही, रंगांबरोबर मिळणारं मीडियम थेंब-थेंब घाला. कापड रिंगमध्ये ताणून घ्या आणि खाली टीपकागद ठेवा. नक्षी उतरवायला निळा कार्बन नको, त्याच्या रेघा जात नाहीत. फिकट कापडावर हलकी पेन्सिल पुरे. रंगवल्यावर एक दिवस पूर्ण वाळू द्या, मग उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. उष्णतेनेच रंग पक्का होतो. त्यानंतरही तीन-चार दिवस पाणी लावू नका. पुढे धुताना कपडा उलटा करून, गार पाण्यात, पिळायचा नाही.

माहेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, म्हणून जास्तच जपावं लागतं. रंगाचा थर जाड झाला की पदर कडक होतो आणि घडीवर तडकतो. इस्त्री कमी गरम, मध्ये सुती पंचा.

नक्षी शोधत मी मोबाईलवर मोर, कमळं, काय काय पाहत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाहेरून कशाला आणतेस? हिच्या काठातलंच घे." खरंच की! माहेश्वरीच्या काठांना ईंट, चटाई, हिरा, चमेली का फूल अशी नावंच आहेत. आमच्या काठात चमेली होती. पण एकच मोठं फूल काढायला त्यांनी मनाई केली. "एकटं फूल ठिगळासारखं दिसेल. डाग झाकू नकोस, पदरभर बुट्ट्या टाक, त्यात तो मिसळून जाईल." चाळीस वर्षं दारात रांगोळी काढणाऱ्या बाईची नजर ती!

आधी डागावर पांढऱ्याचा पातळ हात दिला, नाहीतर तपकिरी रंग वर डोकावतो. मग डाळिंबी पाकळ्या. पाकळ्या माझ्या, मधले ठिपके त्यांचे. हात थोडा थरथरतो म्हणून त्यांनी ब्रश सोडून काडेपेटीच्या काडीचं मागचं टोक घेतलं. काही ठिपके कडेला सरकले, ते मी दुरुस्त केले नाहीत. सत्तावीस फुलांना चार दुपारी लागल्या. त्या दुपारी महेश्वरच्या घाटावरच्या, सासऱ्यांच्या, कधी न ऐकलेल्या गोष्टी ऐकल्या. साडीवरून दोघांची घासाघीस झाली होती म्हणे, आणि शेवटी विणकराच्या बायकोने चहा पाजून सौदा मिटवला होता!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाई तीच साडी नेसल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, "नवी का?" सासूबाईंनी पदर पुढे धरला आणि एका फुलावर बोट ठेवलं, "हे बघा, इथे सुनेने चहा सांडला होता."